शेतात चर, घरात रंग

मंडळी, गेल्या आठवड्यात पुण्याहून पुतण्याचा फोन. "अण्णा, हॉलच्या भिंतीला ओल आलीय. ते वॉटरप्रूफ रंग निघालेत ना, त्यातला कुठला चांगला?" मी म्हटलं, "कुठलाच नाही." पोरगं गप्पच झालं. फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. जरा चिडूनच लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

चीड मुख्यतः स्वतःचीच आहे. निरवांगीतलं आमचं घर पुढच्या अंगाला जुनं, दगडमातीचं, भिंती दीड फूट जाड. सोप्याच्या भिंतीला 2015 पासून ओल. जमिनीपासून कमरेपर्यंत रंगाचे पापुद्रे आणि खाली पांढरी भुकटी, म्हणजे आपला लोणा. 2016 ला पुट्टी नि रंग झाला. 2018 ला 'दहा वर्षं बघायला नको' असं सांगून दिलेला दुसरा रंग झाला. 2021 ला कंटाळून चार फुटांपर्यंत टाइल्स ठोकल्या. पुढच्या पावसाळ्यात ओल टाइल्सच्या वर, पाच फुटांवर! बाहेर पडायची वाट बुजवल्यावर पाणी वरच चढणार की. सौ.ला दम्याचा त्रास. रात्री तिची ढास ऐकत मी त्या भिंतीकडे बघत पडून राहायचो.

आणि हे आपल्या नीरेच्या खोऱ्यात व्हावं! इथे नीरा डावा कालवा येऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. कालव्याबरोबर ऊस आला, पाणी मुरत गेलं आणि जमिनी चोपण व्हायला लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अख्खी पुस्तिका काढली होती. जमिनीखालचं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि सोबत आणलेला क्षार वर ठेवून जातं. भिंतीत वेगळं काय होतं? तेच. फक्त रान आडवं आणि भिंत उभी. चोपण रानावर पांढरं दिसू नये म्हणून कुणी शेतकरी माती पसरून झाकत नाही, तो चर खणून पाणी काढून देतो. तोच शेतकरी (आणि त्याचा मास्तर!) घरात आला की रंगाचा डबा उघडतो.

2023 च्या पावसाळ्यात शेवटी हजेरीपटाची सवय कामी आली. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालायची, दर पंधरा दिवसांनी. खर्च शून्य. वर्षभरात भिंतीने सगळं सांगून टाकलं. सोप्यातली रेघ पावसात चढायची, वैशाखात थोडी उतरायची, पण जमीन कधी सोडायची नाही. म्हणजे पाणी खालून. स्वयंपाकघरातला ताटाएवढा डाग मात्र बारा महिने तसाच. तो भिंतीत पुरलेल्या नळाचा. छताजवळून खाली उतरणारी ओल असेल तर गच्ची नि पन्हळ बघा. पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाका, विरघळली तर लोणा, नाहीतर बुरशी. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेतली.

मग खालून पाणी कुठून? आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने अंगणात पाच मिनिटं उभं राहून सांगितलं, "गुर्जी, जोतं कुठाय तुमचं?" जोतं नव्हतंच! 2014 ला लेकीच्या लग्नात चिखल नको म्हणून मीच अंगणात कोबा घातला होता, थेट भिंतीला भिडवून, उतारही भिंतीकडेच. दीड फुटाचं जोतं मी स्वतः पुरलं होतं. जुन्या भिंतीत डीपीसीचा थर नसतोच, जोत्याची उंची हेच तिचं संरक्षण. ते मी काढून घेतलं आणि सात वर्षं दुकानदाराकडे औषध मागत फिरलो.

2024 च्या उन्हाळ्यात भिंतीलगतचा दोन फूट कोबा फोडला, चर खणून खडी भरली, उतार बाहेर काढला. टाइल्स आणि सिमेंटचा गिलावा ओलीच्या वर फूटभर खरवडला, कारण त्यात मुरलेला क्षार हवेतलं पाणीही ओढतो. पुढचं सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न करणं. भिंत इंचाला एक महिना या हिशोबाने वाळते. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा सोपा उघडा, दगड दिसताहेत. एक मेहुणे म्हणाले, "काय मास्तर, पैसे संपले वाटतं?" ऐकून घेतलं. दीड वर्ष थांबून मग चुन्याचा गिलावा केला, वर चुनाच.

नवी इमारत वेगळी, हे मान्य. बाहेरून पावसाचा मारा असेल तर भेगा बुजवून बाहेरून रंग जरूर द्या. पण आतून? वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा नळ गळत असेल तर तुमच्या हॉलमधला रंग त्याला काय करणार, सांगा बघू.

तेव्हा बाळा, आधी पेन्सिल आण. रेघ मार, तारीख घाल, रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघ आणि मला कळव. आमच्या स्वयंपाकघरातला नळ अजून बदलायचाय, सौ. रोज आठवण करते आहे.