टाकीवाला की बिनटाकीचा?

सध्या ज्याच्या-त्याच्या घरी जुना टाकीवाला गीझर काढून इन्स्टंट बसवणं चाललंय. का, म्हणून विचाराल तर एकच उत्तर : "लाईट बिल कमी येतं!" मित्रहो, मला या उत्तराशी भांडायचंय. गीझर बदलू नका असं नाही, आमच्या गिरगावातल्या घरीही बदललाय. पण बिलासाठी बदलत असाल तर आधी जरा हिशेब करू या. थर्मोचा पेपर दिलाय, त्याचा घरी काहीतरी उपयोग नको?

(आमच्या कॉन्व्हेंटच्या भूगोलात गीझर म्हणजे आइसलंडमधला उसळता गरम पाण्याचा झरा. मोरीत टांगलेल्या पांढऱ्या पिंपालाही तेच नाव का, हे कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. असो.)

नळाचं पाणी २५ अंश धरू आणि आंघोळीचं ४०. २० लिटरची बादली १५ अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट वीज लागते. ती टाकीतून द्या, बिनटाकीतून द्या, नाहीतर बादलीत रॉड सोडून द्या (होस्टेलकर, तुमच्याकडे बघून बोलत नाहीये!), आकडा तोच. घरात माणसं पाच, बादल्या पाच, झाले पावणेदोन युनिट. यात इन्स्टंट एक पैसाही वाचवत नाही.

वाचतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे टाकीतलं तापलेलं पाणी नुसतं उभं राहून निवतं ते. टाकीवाल्या गीझरला बीईईचे स्टार मिळतात ते यावरूनच. पण सकाळचा तासभर चालवून बंद केला तर हे नुकसान किरकोळ. दुसरं जास्त महत्त्वाचं. शेवटची आंघोळ झाली, टाकी परत भरली आणि बटण चालूच राहिलं, तर १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापून बसतं. त्यात जातात ०.६ युनिट, म्हणजे जवळजवळ दोन बादल्यांची वीज, आणि ते पाणी कुणाच्याही अंगावर न पडता हळूहळू निवत राहतं! पण हे थांबवायला नवा गीझर कशाला? बटण बंद करायला एक बोट पुरतं.

मग आम्ही का बदलला? आईसाठी.

१५ लिटरची, २ किलोवॅटची टाकी तापायला अठरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिल्या आंघोळीच्या आधी कुणीतरी उठून बटण दाबायला हवं. ते 'कुणीतरी' कोण, हे सांगायला नकोच. शिवाय ६० अंशांची भरलेली टाकी गार पाण्यात मिसळली की ४० अंशांचं ३५ लिटर पाणी होतं, दोन बादल्याही धड नाहीत. पाच माणसांना तीन टाक्या, मध्ये दोनदा थांबणं, आणि त्या रांगेची कंट्रोलर पुन्हा आईच : "तू आत्ता जाऊ नकोस, बाबांना आठ पाचची गाडी आहे, आजीचं व्हायचंय." स्वतः फोर्टला ऑफिसात जाणारी बाई, आंघोळ करणार सगळ्यांच्या शेवटी, बहुतेक कोमट पाण्याने.

आजीच्या वेळी तांब्याचा बंब होता, तांबाकाट्यावरून आणलेला. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. एक तपेली गरम काढली की एक गार ओतायची. इंजिनिअरच्या भाषेत स्टोरेज टाईपच तो! आजी चारला उठायची. विस्तव जाऊन बटण आलं, आई पाचला उठायला लागली. दोन पिढ्यांत बायकांची बचत किती? एक तास.

आमचा ३ किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला जेमतेम ३ लिटर देतो. बादलीला सात मिनिटं. बाबांच्या मते हे 'इन्स्टंट' वगैरे काही नाही. खरंय, पण त्या सात मिनिटांत ज्याचं पाणी तोच दात घासतो आणि स्वतःची बादली स्वतः भरतो. टायमर लावूनही चाललं असतं, असं बाबांचं म्हणणं होतं. टायमर आईला झोपू देईल हे मान्य. रांग कोण सांभाळणार?

आता इन्स्टंटवाल्यांना न आवडणारा भाग. नाव बिनटाकीचा असलं तरी आपल्याकडच्या इन्स्टंटमध्ये एक-तीन लिटरचं भांडं असतंच. युरोपात खरे बिनटाकीचे मिळतात, १८ ते २७ किलोवॅटचे, तीन फेजवर. आपल्या चाळींना ३ किलोवॅटच जड आहे. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. लोहारचाळीतून गीझर दहा मिनिटांत घेता येतो, पण गिरगाव-लालबागच्या कितीतरी खोल्यांत अजून लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग आहे आणि त्याच्यावर फ्रिज, मिक्सर, इस्त्री आधीच बसलेत. स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉईंट, ईएलसीबी आणि खरंखुरं अर्थिंग हवं. बेस्टकडे मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. हे कुणी करत नाही. कारण? "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, वायरिंगवर कशाला पैसे घालायचे? गीझर काय, सोबत नेता येतो!" वरळीच्या बीडीडी चाळीत पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, आणि त्या चाळी १९२० च्या दशकातल्या. आपली फाईल कधी हलेल ते सांगता येत नाही. पण ओल्या मोरीत ओल्या अंगाने आपण रोज उभे राहतो. आमच्याकडे वायरिंगला गीझरपेक्षा जास्त खर्च आला आणि बाबा आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हते. मला तो खर्च पटतो.

गॅस गीझर स्वस्त पडतो, असंही सांगणारे भेटतात. साध्या १० किलोवॅटच्या गॅस गीझरला तासाला सुमारे १० घनमीटर हवा लागते. चार बाय पाचच्या मोरीत हवा असते साडेचार घनमीटर. दार बंद, खिडकी नाही, आणि प्राणवायू कमी पडायला लागला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. या गणितात मला वाद घालायचा नाही. अशा मोरीत गॅस गीझर नकोच.

होस्टेलचं गणित मात्र उलटं आहे. बारा बाथरूम, सगळ्यांना सातलाच आंघोळ, म्हणजे इन्स्टंट बसवले तर एकदम ३६ किलोवॅट. तिथे मोठी टाकीच हवी, रात्री तापवून ठेवलेली, जाड आवरणाची. आणि तिथे रांग सांभाळायला आई नसते, पण पहाटे खाली जाऊन ती टाकी चालू करणारे मामा असतात. टायमर त्यांच्यासाठी बसवायला हरकत नसावी. गीझरपेक्षा बराच स्वस्त येतो.