रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी

दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाची सेवा आपल्याकडे बहुधा घरची बाईच करते. गोळ्या, पथ्य, अंथरूण सारे तिच्याकडे. पण हृदयाचा धोका कसा ओळखावा, हे तिला क्वचितच कोणी सांगते. म्हणून या वेळी आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

वरवंड पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे, गाडी मिळते. तरी दौंडचे उपजिल्हा रुग्णालय काय किंवा पुण्याचे ससून काय, पोहोचायला वेळ जातोच. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की तिथला स्नायू मरू लागतो. मग ‘सकाळी बघू’ म्हणणे महागात पडते.

पहिली खूण छातीची. मध्यभागी दगड ठेवल्यासारखे दडपण येते. कळ हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाते, दरदरून घाम सुटतो. हे पित्त समजून सोडा, ओवा देत बसू नये. मधुमेही, म्हातारी माणसे आणि बायका यांच्या छातीत दुखेलच असे नाही. एकाएकी दम लागणे, मळमळ, घाम, गळून जाणे एवढेच दिसते. बाई अंगावर काढते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष हवे.

दुसरी खूण दमाची. हृदय थकले की आडवे पडताच दम लागतो, उशीला उशी वाढत जाते, रात्री माणूस घाबरून उठून बसतो. पाय सुजतात, बोटाने दाबले तर खळगा राहतो. दोन-तीन दिवसांत वजन २ किलो वाढते. असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बसूनही दम थांबत नसेल, तर क्षणभरही थांबू नये.

तिसरी खूण पोटरीची. ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर किंवा बाळंतपणानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली की एकाएकी दम लागतो, छातीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडते आणि जीवही जातो.

अशा वेळी १०८ फिरवावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत मिळते. तोवर रुग्णाला टेकून बसवावे. चालवू नये, मोटारसायकलवर नेऊ नये, खायला देऊ नये. ॲस्पिरिन द्यावी का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहावे. जुनी फाईल, चालू गोळ्या आणि रेशनकार्ड बरोबर घ्यावे. रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे.

माणूस बेशुद्ध पडला, श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नये.

रात्री घरच्यांना उठवायला सुनेला संकोच वाटतो. तिला आमचे सांगणे एवढेच, की बिनधास्त उठव. तपासणीत काही निघाले नाही तर एक रात्र गेली, एवढेच. आणि घरच्यांनीही तिला ‘उगाच घाबरवलेस’ असे म्हणू नये.