आधी कानोसा, मग हाक

रेडिओ हा नुसता ऐकायचा असतो, अशी आपली घरगुती समजूत. पण परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळविलेले हौशी लोक रेडिओवरून परस्परांशी बोलतातही. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. अलीकडे यातले पुष्कळसे बोलणे तोंडाने होतच नाही. संगणक अक्षरांचे सूर करतो, रेडिओसंच ते आकाशात सोडतो आणि दूरदेशीचा संगणक त्या सुरांची पुन्हा अक्षरे करतो. मग माणसाने करायचे काय? पुष्कळच करायचे असते, वाचकहो!

यातली सर्वांच्या ओळखीची पद्धत म्हणजे ‘एफटी८’. फ्रँके आणि टेलर या दोघांनी ती २०१७ साली आणली. दोघांची आद्याक्षरे आणि आठ सूर, असे हे नाव. यांपैकी जो टेलर हे १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणारे खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांचे क्षीण संकेत टिपणाऱ्या या गृहस्थांनी, खरखरीत बुडालेला, कानाला न जाणवणारा संदेशही वर काढण्याची युक्ती हौशी मंडळींच्या हाती दिली.

पहिला धडा ऐकण्याचा. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओसंच इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतो. तो १४.०७४ मेगाहर्ट्झवर न्यावा. दहा सनईवाले एकदम सूर लावीत बसले आहेत, असा भास होतो!

दुसरा धडा घड्याळाचा. पंधरा सेकंद एकाने बोलायचे, पुढचे पंधरा दुसऱ्याने. तुमच्या संगणकाचे घड्याळ तीन-चार सेकंद जरी पुढेमागे असले, तरी तुमची हाक कोणालाच उलगडत नाही.

तिसरा धडा मितभाषणाचा. तारेतले शब्द मोजून पैसे वाचविण्याची आपली जुनी सवय २०१३ साली तारेबरोबरच गेली. ती येथे पुन्हा उपयोगी पडते. मनातला मजकूर लिहायला अक्षरे मिळतात फक्त तेरा! एरवी आपली खूण, गावाचा चौकोन (पुणे म्हणजे ‘एमके६८’), समोरचा कितपत ऐकू आला त्याचा आकडा आणि शेवटी ‘७३’, म्हणजे शुभेच्छा. दीड मिनिटात भेट संपते.

चौथा धडा सर्वांत अवघड. आवाज बेताचा ठेवायचा. एकेका संदेशाला जागा लागते जेमतेम पन्नास हर्ट्झ, आणि शेजारीपाजारी डझनावारी माणसे. संगणकातून रेडिओत जाणारा आवाज वाढविला की सूर फाटतात आणि भलत्यांच्या जागेत पसरतात. चाळीत एकाने ठणाणा गाणी लावावीत, तसेच हे!

ठरीव उत्तरे संगणक आपली आपण देतो, हे खरे. पण आधी कानोसा घेणे, मोकळी जागा शोधणे आणि आवाज आवरणे ही कामे परवान्यावर ज्याचे नाव आहे, त्याचीच. कोणा दूरच्या बेटावरचा माणूस, हाताशी लहानसा संच, छपरावर एक तार. त्याची हाक आपल्यापर्यंत पोचते ती निव्वळ यंत्राच्या हुशारीने नव्हे. त्याच्या पंधरा सेकंदांत आपण गप्प बसलेले असतो, म्हणूनही पोचते.