लोण्याचे गाव ड्रोमकॉलिहर



सकाळी किटली घेऊन डेअरीवर उभे राहताना, परमुलखातल्या शेतकऱ्यांनी आपली दूध संस्था कशी उभी केली असेल, असे कधी मनात आले का? आज तुम्हांला आयर्लंडच्या लिमरिक जिल्ह्यातल्या ड्रोमकॉलिहर या लहानशा गावी नेतो.

हा मुलूख गवताचा आणि दुभत्या गाईंचा. पूर्वी घरोघर बायका लोणी घुसळायच्या. मीठ घालून ते लाकडी पिंपांत भरायचे आणि कॉर्कच्या बाजारात पाठवायचे. प्रत्येक घरचे लोणी वेगळे. कुणाचे खारट, कुणाचे खवट. तोवर डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकसारखे, ताजे लोणी विलायतेच्या बाजारात आणले. आयरिश लोण्याचा भाव पडू लागला.

यावर उपाय म्हणून 1889 साली ड्रोमकॉलिहरला आयर्लंडमधली पहिली सहकारी क्रीमरी निघाली. दूध एका ठिकाणी गोळा करायचे, यंत्राने साय काढायची, तिचे लोणी करायचे. साय काढलेले दूध परत घरी न्यायचे. त्यावर वासरे आणि डुकरे पोसायची. या चळवळीमागे होरेस प्लंकेट हे जमीनदार घराण्यातले गृहस्थ होते. पन्नास सभा झाल्या तरी एकही संस्था निघाली नाही, असे त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे. मीही गावोगाव सभा घेतल्या आहेत. माना डोलतात पुष्कळ, सही करायला पुढे येतात थोडे. प्लंकेट यांनी पुढे 1894 साली सहकारी संस्थांची मध्यवर्ती संघटना स्थापन केली. ड्रोमकॉलिहरची ती जुनी क्रीमरी आता संग्रहालय म्हणून जतन केली आहे.

पण याच गावात दुसरीही एक खूण आहे. 5 सप्टेंबर 1926, रविवार. एका लाकडी इमारतीच्या माडीवर सिनेमाचा खेळ होता. लेकराबाळांसह माणसे दाटीने बसलेली. वर जायला एक अरुंद जिना, मागच्या खिडकीला गज. टेबलावर फिल्मची रिळे उघडीच होती आणि शेजारी मेणबत्ती. त्या काळची फिल्म दारूगोळ्यासारखी पेट घेई. आग दाराच्या बाजूला लागली आणि 48 माणसे गेली. चर्चच्या आवारात त्यांची एकत्र समाधी असून तिच्यावर मोठा दगडी क्रूस आहे. माडीच्या जागी गावाचे वाचनालय उभे आहे.

हे वाचताना मला माझी चूक आठवली. एकदा आमचा शेतकरी मेळावा पावसामुळे गोदामात घेतला. दार एकच, तेही अर्धे पोत्यांनी अडलेले. आत दोनशे माणसे आणि डोक्यावर लोंबती वायर. भाषण माझेच होते. मला ते दिसले नाही. एका म्हातारबाबांनी हटकले, “साहेब, आधी पोती काढा, मग बियाण्याचं सांगा.” पोती काढली, मगच सभा झाली.

तेव्हा गावात पारायण असो, लग्न असो की संस्थेची वार्षिक सभा, माणसे बसवण्यापूर्वी बाहेर पडायच्या दोन वाटा मोकळ्या आहेत ना, हे पाहा. मांडवात उघडी वायर ठेवू नका. दिवा, शेगडी, स्टोव्ह दारापासून लांब ठेवा.

चार घरे एकत्र आली की लोण्याला भाव येतो, हे ड्रोमकॉलिहरने दाखवले. एकत्र जमलेल्या माणसांची काळजी कुणीतरी घ्यावी लागते, हेही त्याच गावाने सांगितले.