नव्या नुक्कडवर कादरभाईला घर मिळेल का?

दूरदर्शनवर १९८६-८७ साली ‘नुक्कड’ चालली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरीही ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या वयाचे लोक तिचे भाग यूट्यूबवर पाहतात, जेवणाच्या सुट्टीत खोपडीची नक्कल करतात. सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह यांची ही मालिका ४० भागांत संपली, पण लोक तिला विसरले नाहीत. २०२३ मध्ये आधी जावेद खान आणि महिन्याभराने समीर खक्कर गेले, तेव्हा अनेकांना आठवले ते करीम हजाम आणि खोपडीच.

याला नुसते स्मरणरंजन म्हणता येणार नाही. आम्ही तो काळ पाहिलेलाच नाही, मग आठवण कशाची काढणार? मला वाटते, आम्हाला तिथे अशी एक गोष्ट दिसते जी आज पडद्यावर क्वचित दिसते. गुरू इलेक्ट्रिशियन, हरी सायकल दुरुस्त करणारा, राधा मोलकरीण, गणपत हवालदार, घनशू भिकारी, कादरभाई हॉटेलवाला आणि करीम न्हावी. यातले दोघे मुसलमान आहेत, पण ते कथेचे ‘प्रकरण’ नाही. कादरभाईला आपली देशभक्ती सिद्ध करावी लागत नाही आणि तो सद्‌गुणांचा पुतळाही नाही. त्याला हॉटेल चालवायचे आहे. आजच्या मालिकांत मुसलमान आला की एक तर बॉम्ब येतो, नाही तर भाईचाऱ्याचे भाषण.

मिर्झांना दुसरी बाजू ठाऊक नव्हती असे नाही. ‘नुक्कड’मधला हरी, म्हणजे पवन मल्होत्रा, १९८९ साली त्यांच्याच ‘सलीम लंगडे पे मत रो’मध्ये मुंबईच्या मोहल्ल्यातला, गुन्हेगारीत अडकलेला सलीम झाला. पुढे १९९५ मध्ये बाबरी पाडण्याआधीच्या महिन्यांवरचा ‘नसीम’ आला.

या दोन चित्रपटांच्या मधे मुंबईची दंगल झाली आणि १९९३ मध्ये ‘नया नुक्कड’ आली. ती पहिलीसारखी रुजली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला होता, प्रेक्षक विभागले गेले होते, हे कारण आहेच. पण माझ्या मते शहरच बदलले होते. मिश्र वस्तीतली घरे विकून कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली. पडद्यावर नुक्कड परत आली, पण बाहेर कादरभाई आणि हरी एका गल्लीत उरले होते कुठे?

नवी मुंबई तर आखून वसवलेले शहर. सिडको १९७० साली स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या शहरात स्टेशन, बाजार, उद्यान यांच्या जागा नकाशावर ठरल्या. पण कुणाच्या शेजारी कोण राहील, हे नकाशा ठरवत नाही. मी भाड्याचे घर शोधत होतो, तेव्हा दलालाशी फोनवर भाडे, डिपॉझिट सगळे ठरले. मग त्याने पूर्ण नाव विचारले आणि म्हणाला, “सर, त्या सोसायटीत जरा प्रॉब्लेम आहे.” आवाजात राग नव्हता. रोजचेच काम असल्यासारखा बोलला.

म्हणून ‘नुक्कड’ आम्हाला जवळची वाटते. तिने कादरभाईला सामान्य माणूस असण्याचा हक्क दिला होता. सहानुभूतीपेक्षा तो मोठा आहे.

आज कुणी खारघरमध्ये ‘नुक्कड’ लिहायला घेतली, तर पहिल्या भागात कादरभाई घर शोधेल. तो भाग लिहायलाच हवा. पण मला पाहायचा आहे तो दुसरा भाग: त्याला घर मिळालेले आहे आणि पाण्याच्या टँकरच्या बिलावरून तो सोसायटीच्या सेक्रेटरीशी कडाकडा भांडतो आहे.