इटालियनचा भूतकाळ आणि आपला कर्मणी प्रयोग

पंचेचाळिशीत इटालियन शिकायला बसलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला पहिले आश्चर्य वाटते ते आपल्याच भाषेचे. आपल्याकडे या भाषेची पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीतूनच हाती येतात, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला जे अवघड ते साऱ्या जगाला अवघड, असे त्यांत गृहीत धरलेले असते. 'मि प्याचे इल लीब्रो' ही 'उलटी' रचना म्हणून समजावली जाते. उलटी कशी? 'मला पुस्तक आवडते', 'मला पुस्तके आवडतात' असेच आपण जन्मभर म्हणत आलो. तिथेही पुस्तके अनेक झाली की 'प्याचे'चे 'प्याच्चोनो' होते. (सांभाळायचे एवढेच की इथला 'मि' म्हणजे 'मी' नव्हे, 'मला'.) ज्याचा एवढा धाक घातला जातो तो 'कोंजुंतीवो'ही 'तो घरी आहे' आणि 'तो घरी असावा' यांतला फरक जाणणाराला अगदीच परका वाटू नये.

मात्र मराठी दगाही देते. 'मारीया ए आंदाता' म्हणजे मारीया गेली, 'मार्को ए आंदातो' म्हणजे मार्को गेला. इथवर सारे घरचे. पुढे सकर्मक क्रियापद आले आणि मी 'चिठ्ठी लिहिली' या चालीवर 'ओ स्क्रित्ता ला लेत्तेरा' लिहून बसलो. बाईंनी लाल रेघ मारली. 'ओ स्क्रित्तो' हवे. चिठ्ठी स्त्रीलिंगी असली तरी धातुसाधित ढळत नाही. पण त्याच चिठ्ठीचे सर्वनाम होऊन ते क्रियापदाआधी आले, की 'लो स्क्रित्ता' हाच मेळ सक्तीचा! जुन्या इटालियनमध्ये मागून येणाऱ्या कर्माशीही असा मेळ आढळतो. म्हणजे माझी चूक काही शतके उशिरा झाली, इतकेच. हे रूप मुळात कर्माचे विशेषण होते: 'लिहिलेली चिठ्ठी माझ्याजवळ आहे' अशा अर्थाचे. आपले 'लिहिली'ही कर्मणी धातुसाधितातूनच आले आहे.

हे मला पाठ्यपुस्तकाने सांगितले नाही. 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न आपण गुणांपुरता ठेवला, आणि परकी भाषा शिकताना मराठी वर्गाबाहेर काढून ठेवायची असते, असे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवले. माझ्या मते हा शुद्ध तोटा आहे. मराठी विभागाने परकी भाषा शिकवू नये, पण तिच्या वर्गात बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला तुलनेची ही सवय तरी द्यावी.

परवा अंडे आले. एकवचनी 'लुओवो' पुल्लिंगी, अनेकवचनी 'ले उओवा' स्त्रीलिंगी. अपवाद, पाठ करा, असा शेरा. वास्तविक लॅटिनमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी. त्याच्या अनेकवचनाचा 'आ' स्त्रीलिंगी एकवचनासारखा दिसला आणि पुढे नपुंसकलिंगच लोपल्यावर ते रूप स्त्रीलिंगात जमा झाले. 'ती मुलगी' आणि 'ती मुले' यांतला 'ती' वर्गात फळ्यावर लिहिणाऱ्याला हे पाठ करावे लागले नाही.