कमरेचा झाडू सोडून धावा

दोस्तहो, मी धावायला लागलोय. हसू नका. मागं पोलीस नव्हता, बस सुटत नव्हती, भरतीही नव्हती. पहाटे साडेपाचला वरळी सी फेसवर, तिथल्या एका धावणाऱ्या ग्रुपबरोबर. निव्वळ मजेसाठी.

आपल्याकडं धावणं म्हणजे काय? आजा धावला १९७४ च्या जानेवारीत, वरळीच्या दंगलीत, दगड आणि लाठ्या चुकवत. बाप धावला लोकल गाठायला. आम्ही पोरं धावतो ती पोलीस भरतीचे १६०० मीटर. नापास झालो की पाय कायमचे थांबले. पोटाशिवाय आपल्या पायांना दुसरा मालकच नाही!

मीही आधी म्हणायचो, हे सगळे महागड्या बुटांचे चोचले. आज म्हणतो, चूक. चोचले म्हणून आपण जे जे सोडलं, ते ते त्यांच्या बापाचं झालं. १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले ते काय नुसती तहान भागवायला? सार्वजनिक तळं आपलंही आहे, हे ठरवायला गेले. मग रस्ता कुणाचा? आणि पहाट कुणाची?

आता माझी लाज सांगतो. ग्रुपात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, कुठं राहतोस? 'वरळी', एवढंच बोललो. बीडीडी चाळ गिळून टाकली. तिसऱ्या रविवारी समोर आई. कंत्राटी सफाई कामगार, हातात झाडू. मी मान फिरवली आणि पळालो.

पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाला कमरेला झाडू बांधून फिरावं लागे, पायाचा ठसा मागं राहू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या भाषणात हे लिहून ठेवलंय. माझ्या कमरेचा झाडू सुटला नव्हता. मी तो फक्त आईच्या हातात दिला होता. साला, पाच किलोमीटर पुढं आणि दोनशे वर्षं मागं!

पुढच्या रविवारी थांबलो. म्हणालो, "ही माझी आई." कुणी नमस्कार केला, कुणी घड्याळ बघत निघून गेलं. मला दोघंही कळले. आई म्हणाली, "पळ की रं, मागं राहशील."

तर त्यांच्या ग्रुपात जायचं का? जायचं. पत्ता न लपवता जायचं. आणि आपलाही ग्रुप काढायचा. विहाराच्या पटांगणातून निघायचं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. बोलता येईल इतकाच वेग. जो मागं पडेल त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. पोरींना आधी बोलवायचं, कारण पहाटेचा रस्ता त्यांना आपल्याहून जास्त नाकारलाय.

१९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं अनवाणी जिंकली. १९३५ साली त्याच्या देशावर चालून गेलेल्या इटलीच्याच राजधानीत. वाटेत अक्सुमचा स्तंभ उभा होता, इटलीनं त्याच्याच देशातून लुटून आणलेला. तो स्तंभ परत मिळायला २००५ साल उजाडलं. बिकिला तेवढा वेळ थांबला नाही.

आपणही थांबायचं नाही. रविवारी पहाटे चाळीच्या गेटवर या. आई वाटेत भेटेल, तिला जय भीम घालूनच पुढं जायचं.